कुणाशी तरी बोलणारी गाणी

लकी डुबेचं ‘स्लेव्ह’ ऐकायला बसताना मनात आधीच एक चित्र तयार असतं. साल १९८७. दक्षिण आफ्रिकेत आणीबाणी चालू आहे, मंडेला तुरुंगात आहेत, गाणारा विशीतला झुलू तरुण आहे, संगीत रेगे आहे आणि गाण्याचं नाव गुलामीवरून ठेवलेलं आहे. आता गोऱ्या सत्तेवर आसूड ओढला जाणार, अशी आपली खात्री असते.

प्रत्यक्षात गाण्यात एक दारुडा बोलतो. त्याला समजावायला धर्मगुरू कितीदा तरी येऊन गेलेत. सोडायचं मनावर घेतलं की मित्र त्याला वेड्यात काढतात. चारचौघांना खूश ठेवता ठेवता आपली अब्रू गेली, हे त्याला कळतं आणि रडूनही काही उपयोग नाही, हेही कळतं. रात्री तो घराकडे निघतो तेव्हा बायकोला ठाऊक असतं की जो परत येतोय तो आपला नवरा राहिलेला नाही. गाण्यात एवढंच आहे. सरकार नाही, पोलीस नाहीत, काळ्या-गोऱ्याचा उल्लेखही नाही.

तरी हे गाणं राजकीय आहे. ते कसं, हे समजायला त्या देशातल्या दारूचा इतिहास थोडा माहीत हवा. केप प्रांतातल्या द्राक्षमळ्यांवर मजुरांना मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात देण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. डर्बन शहराने १९०८ पासून काळ्या लोकांसाठीच्या बीअरचा मक्ता स्वतःकडे घेतला. बायकांनी घरी बीअर गाळणं गुन्हा ठरलं, पालिकेचे बीअर हॉल उभे राहिले आणि त्यांच्या कमाईतून काळ्या वस्त्यांवर हुकमत चालवणाऱ्या यंत्रणेचा खर्च भागू लागला. पुढे इतर शहरांनी हाच कित्ता गिरवला. म्हणजे माणूस जितका जास्त पिणार, तितकी त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्यांच्या पगाराची सोय होणार. १९७६ साली जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्या वस्तीतल्या शाळकरी मुलांनी बंड केलं तेव्हा त्यांनी बीअर हॉल आणि दारूची दुकानं उगाच पेटवली नाहीत.

डुबे यातलं एक अक्षर सांगत नाही. त्याला सांगायची गरज नव्हती. ज्यांच्यासाठी तो गात होता त्यांच्या घराघरात हे माहीत होतं. तो फक्त त्या माणसाला बोलू देतो. तेही उपदेशकाच्या जागेवरून नाही, तर थेट प्रथमपुरुषी. डुबे स्वतः दारू पीत नसे, सिगारेटही ओढत नसे, रेगेशी जोडल्या गेलेल्या गांजापासूनही लांब असे. अशा माणसाने दारुड्याचा ‘मी’ इतका पोटातून गावा, याला मोठी सहानुभूती लागते. बोट दाखवायची सोय असताना ते बोट त्याने आत वळवलं.

मला वाटतं, त्याच्या उत्तम गाण्यांचं टिकून राहणं इथूनच सुरू होतं. रेगेच्या जन्मभूमीचा, जमैकाचा बॉब मार्ली गातो तेव्हा तो समुदायासमोर उभा असतो. त्याच्या आवाजात द्रष्ट्याचा अधिकार आहे. त्याचा जमैकन साथी पीटर टॉश भांडतो, आणि त्याचं भांडण देखणं आहे. डुबेने या दोघांकडून बरंच घेतलं. टॉशच्या भारदस्त खालच्या स्वरांची छाया तर त्याच्या गळ्यावर सरळ दिसते. पण त्याच्या गाण्यात उभा असतो एक साधा माणूस, आणि तो कुणाशी तरी बोलत असतो. मुलगा बापाला हाक मारतो, पोरगा पोलिसाला प्रश्न विचारतो, रडणारी बाई गायकालाच सुनावते, करदाता कर वसूल करणाऱ्याला हिशेब मागतो, लेक आईला फोन करतो. देशाची सगळी उलथापालथ या दोन माणसांच्या बोलण्यातून झिरपत येते.

लकी फिलिप डुबेचा जन्म ३ ऑगस्ट १९६४ चा, तेव्हाच्या पूर्व ट्रान्सवालमधल्या अर्मेलो गावातला. आईवडील त्याच्या जन्माआधीच वेगळे झाले होते. आई कामासाठी दूर राहायची, त्यामुळे बरंचसं बालपण आजीजवळ गेलं. लहान वयात त्याने बागकाम केलं, शाळेच्या गायकवृंदात गायला, मोटारींच्या लिलावाच्या जागी पहारेकरी म्हणून उभा राहिला. चुलतभावाच्या वाद्यवृंदातून तो ‘म्बाकांगा’ गाऊ लागला. म्बाकांगा म्हणजे जोहान्सबर्गच्या काळ्या वस्त्यांमध्ये वाढलेलं झुलू लोकप्रिय संगीत: नाचरं बास गिटार, लखलखणारं लीड गिटार आणि पुढच्या गायकाच्या ओळीला मागून उत्तर देणाऱ्या बायकांचे आवाज. त्याच्या झुलू रेकॉर्ड चांगल्या खपत होत्या. १९८४ मध्ये त्याने ‘रास्ताज नेव्हर डाय’ ही छोटी रेगे रेकॉर्ड काढली. ती फारशी खपली नाही, वर सरकारची बंदी ओढवली. पण त्याने रेगे सोडलं नाही. ‘थिंक अबाउट द चिल्ड्रन’, मग ‘स्लेव्ह’, ‘टुगेदर अ‍ॅज वन’, ‘प्रिझनर’ असे एकामागून एक अल्बम आले आणि दक्षिण आफ्रिकेच्या रेगेला स्वतःचा आवाज मिळाला.

हा आवाज नेमका कसा आहे, ते नीट सांगायला हवं. रेगेच्या सगळ्यात ओळखीच्या ठेक्यात चार मात्रांपैकी पहिली मात्रा रिकामी सोडतात आणि ड्रमचा मुख्य आघात तिसऱ्या मात्रेवर येतो. समेवर येऊन मान हलवायची सवय असलेल्या आपल्या कानाला सुरुवातीला तिथे पाय ठेवायला जागाच सापडत नाही. हळूहळू कळतं की त्या रिकाम्या जागेत बास गिटार बोलतंय. जमैकात ही जागा जड असते, धुरकट असते. डुबेच्या वाद्यवृंदात ती उजळते, कारण म्बाकांगाची मंडळी आपली सवय घेऊनच रेगेत आली. मागच्या गायिका नुसत्या स्वर भरत नाहीत. त्या ऐकतात, दुजोरा देतात, कधी गायकाच्याच शब्दावर त्याला अडवतात. बोलण्याची रीत मुळात संगीतातच असल्याने डुबेच्या शब्दांना संवादाचं वळण आपसूक मिळालं असावं.

आणि त्याचा गळा. खालच्या स्वरात तो ताकीद दिल्यासारखा गातो आणि मग कुठलीही पूर्वसूचना न देता आवाज वरच्या पातळ टिपेला जातो. ती टीप दाखवण्यासाठी घेतलेली नसते. बोलणाऱ्या माणसाचा आवाज जसा मध्येच फाटतो, तशी ती येते. त्या काळच्या कीबोर्डचे काही नाद आज जुनाट वाटतात, ही तक्रार मलाही मान्य आहे. काही गाण्यांत तो काचेसारखा चकचकीतपणा बासला झाकून टाकतो. ‘कॅप्चर्ड लाइव्ह’ हा १९९० चा मैफलीचा अल्बम म्हणूनच आधी ऐकावा. तिथे वाद्यांना घाम फुटलेला ऐकू येतो.

‘रिमेंबर मी’ हे १९८९ च्या ‘प्रिझनर’ अल्बममधलं गाणं. माझ्या लेखी त्याच्या सगळ्या गाण्यांत याची बांधणी सर्वांत निर्दोष. एक मुलगा बापाशी बोलतोय. बाप पुष्कळ वर्षांपूर्वी शहरात गेला. परत येईन, तुमचं सगळं बघेन, असं सांगून गेला. आला नाही. त्याने दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं आणि आईचं हृदय बंद पडलं. आता घरातला उरलेला एकटा मुलगा सोवेटोच्या रस्त्यांवर भटकतोय. त्याने बापाला शोधूनही काढायचा प्रयत्न केला, पण बापाच्या नव्या संसारात त्याला थारा मिळाला नाही.

एवढी कथा ऐकून कुणीही शिव्याशापांची वाट पाहील. मुलगा मात्र मागतो ते फक्त इतकंच, की जिथे असशील तिथे माझी आठवण असू दे. आणि वर सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. गाण्याची सगळी ताकद या मागणीच्या लहानपणात आहे. पैसा नको, न्याय नको, परत येणंसुद्धा नको. ध्रुवपद प्रत्येक वेळी येतं तेव्हा शब्द तेच असतात, पण मधल्या कडव्यात आपल्याला काहीतरी नवं कळलेलं असतं, म्हणून तीच विनवणी दर खेपेला जास्त जड होऊन येते. आईचा मृत्यू कळण्याआधीची हाक आणि कळल्यानंतरची हाक यांत चाल बदललेली नाही. बदललो आहोत आपण.

पोटासाठी बाप शहरात आणि बायकापोरं गावात, हे चित्र चाकरमान्यांच्या कोकणाला नवं नाही. पण दक्षिण आफ्रिकेत ही ताटातूट नुसत्या गरिबीने केली नव्हती. तिथे तो कायदा होता. पास जवळ असल्याशिवाय काळ्या माणसाला शहरात राहता येत नसे, आणि खाणीत किंवा कारखान्यात राबणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त एकट्या पुरुषांसाठी बांधलेल्या वसतिगृहात खाट मिळे. बायको-मुलांना सोबत आणणं बेकायदा. वर्षाचे अकरा महिने असं जगणाऱ्या माणसांची दुसरी बिऱ्हाडं उभी राहिली, पहिली मोडली. पासचे कायदे १९८६ मध्ये रद्द झाले; गाणं त्यानंतर तीन वर्षांनी आलं, कारण कायदा रद्द झाल्याने बाप घरी येत नसतो. डुबे बापाला निर्दोष सोडत नाही आणि सैतानही ठरवत नाही. मुलाच्या तोंडी कायद्याचं नावही नाही. लहान मुलाला कायदा दिसत नाही, त्याला फक्त रिकामं दार दिसतं. ही मर्यादा पाळणं हेच लेखकाचं काम, आणि डुबेने ते चोख केलं आहे.

अल्बमचं शीर्षकगीत, ‘प्रिझनर’, याच्या अगदी उलट्या वाटेने जातं. त्याची चाल उड्या मारत येते. गुन्ह्यात काही राम नाही, शिक्षण हीच किल्ली, हे लहानपणापासून ऐकत आलेला मुलगा गजांआड पोचलाय. तो पोलिसाला सुटकेबद्दल विचारतो आणि पोलिस त्याला सांगतो की आता शाळा बांधायचं बंद झालं, यापुढे बांधायचे ते तुरुंगच. संवाद संपला. या उत्तरावर मुलाला काही बोलता येत नाही, म्हणून तिथे वाद्यवृंद आणि गायिका धावून येतात. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांना मुद्दाम हलकं शिक्षण द्यायचं धोरण आखलं होतं आणि १९८६ नंतरच्या आणीबाणीत हजारो माणसं, त्यांत शाळकरी पोरंही, खटल्याविना डांबली गेली. हे सगळं पोलिसाच्या त्या एका सरळसोट वाक्यात मावलंय. विशेष म्हणजे पोलिस क्रूर नाही. तो पोराला बातमी दिल्यासारखं सांगतो. कडव्यात हा काळोख आणि अंगात नाचाची लहर, असं एकाच वेळी होतं. डुबे रंगमंचावर झुलू नृत्यातला पाय डोक्यापर्यंत उचलून जमिनीवर आपटायचा, तो अशाच गाण्यांमधून. आपल्याला दुःखाच्या गाण्यात लय मंद झालेली हवी असते; त्याच्या परंपरेत पाय थांबत नाहीत.

‘टुगेदर अ‍ॅज वन’ हे १९८८ चं गाणं मात्र मला पूर्ण पटत नाही, आणि तरी ते सोडवत नाही. त्यात तो सगळ्या माणसांना एक व्हायला सांगतो. कुत्र्यामांजरांनी वैर सोडलं तर माणसांना काय झालंय, असं विचारतो. भाबडं आहे हे. पण त्यात तो ज्यांना नावाने हाक मारतो त्यांत युरोपियन आहे, रास्ताफारी पंथाचा रास्ता आहे आणि भारतीयही आहे. हे नाव यमकापुरतं आलेलं नाही. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या भारतीयांचे वंशज आणि झुलू शेजारी यांच्यात १९४९ मध्ये डर्बनला भयंकर दंगल झाली होती. ऑगस्ट १९८५ मध्ये डर्बनजवळच्या इनांडाच्या दंगलीत गांधीजींची फिनिक्स वसाहत जाळली गेली. त्यानंतर तीनच वर्षांनी एक झुलू गायक भारतीयाला मोठ्याने, सगळ्यांच्या देखत बोलावतो. हे लक्षात ठेवून ऐकलं की त्या भाबडेपणातलं धाडस जाणवतं.

पुढे काळ बदलला. २ फेब्रुवारी १९९० ला आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरची बंदी उठली, नऊ दिवसांनी मंडेला सुटले, डिसेंबरात काँग्रेसचे नेते ऑलिव्हर टॅम्बो तीस वर्षांच्या वनवासानंतर मायदेशी उतरले. १९९१ च्या ‘हाउस ऑफ एक्झाइल’ या गाण्यात परक्या मुलखात उभा असलेला स्वातंत्र्यसैनिक आपल्या माणसांपर्यंत निरोप पोचवू पाहतो. परतीचे दिवस सुरू झाले असताना डुबेने परत न आलेल्याचं गाणं केलं. इथे बोलणारा आहे, पण ऐकणारा हाकेच्या अंतरावर नाही. त्याच्या इतर गाण्यांतलं संभाषण इथे अर्धंच राहतं. म्हणून ते इतकं एकटं वाटतं.

‘व्हिक्टिम्स’ या १९९३ च्या गाण्यात तर गायकालाच उभं केलंय. एक बाई रडतेय. ती त्याला मार्लीची आठवण करून देते. मार्लीने ‘रिडेम्प्शन साँग’मध्ये आपल्या द्रष्ट्यांना शत्रू मारत असताना आपण बघत उभे राहतो, याचा जाब विचारला होता. बाई म्हणते, त्याला कुठे ठाऊक होतं की एक दिवस शत्रू बाजूला उभा राहून बघेल आणि आपणच आपल्या भावांना कापू. मग ती त्याला चर्चच्या आवारात नेते, थडगी दाखवते, कोण कशासाठी मेला ते सांगते. त्या वर्षांत नाताळमध्ये आणि जोहान्सबर्गभोवतीच्या वस्त्यांत इंकाथा या झुलू पक्षाच्या आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या माणसांमध्ये रक्तपात चालला होता. त्यामागे गोऱ्या सुरक्षा यंत्रणेचे हात होते, हे पुढे चौकशीत बाहेर आलं. पण कोयते धरणारे हात आपलेच होते, हे त्या क्षणी मोठ्याने म्हणायला काळीज लागतं. हा झुलू गायक ते म्हणाला, आणि स्वतःच्या तोंडून न म्हणता एका बाईच्या तोंडून. आपल्या गुरूचा शब्द अपुरा पडला, हेही त्याने तिलाच म्हणू दिलं. गुरूला असं दुरुस्त करण्यात जेवढा आदर आहे तेवढा शंभर स्तुतिगीतांत नसेल.

स्वातंत्र्य आल्यावरही त्याची विचारपूस थांबली नाही. १९९७ च्या ‘टॅक्समन’मध्ये तो कर घेणाऱ्याला विचारतो की माझ्या पैशाचं केलंस काय. १९९९ च्या ‘क्राइम अँड करप्शन’मध्ये तो सत्तेतल्यांना एकेक प्रश्न घालतो: घर फोडलं जाण्याची, भर दिवसा गाडी हिसकावली जाण्याची, घरून निघालेला माणूस शवपेटीतून परत येण्याची भीती तुम्हाला कधी वाटते का? १८ ऑक्टोबर २००७ च्या रात्री जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिल भागात, मुलांना नातलगाच्या घरी सोडून निघताना गाडी लुटायला आलेल्यांनी डुबेला गोळ्या घातल्या. तो त्रेचाळीस वर्षांचा होता. तिघांना २००९ मध्ये जन्मठेप झाली.

तेव्हापासून ‘क्राइम अँड करप्शन’ला भविष्यवाणी म्हणायची पद्धत पडली आहे. मला ती मान्य नाही. भविष्यवाणी म्हटलं की त्या प्रश्नांची धार जाते. जणू ते एका माणसाच्या नशिबाविषयी होते. डुबे त्यात स्वतःविषयी बोलतच नव्हता. रात्री नवऱ्याच्या गाडीचा आवाज येईपर्यंत जाग्या राहणाऱ्या बायका ज्या प्रश्नांनी कूस बदलत होत्या, ते प्रश्न त्याने मंत्र्यांच्या दारात नेऊन ठेवले. ते त्याच्या मरणाने खरे ठरले नाहीत. लिहिले तेव्हाच खरे होते.

त्याची गाणी आफ्रिकेपलीकडे पापुआ न्यू गिनीत, पॅसिफिकच्या बेटांवर, ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या वस्त्यांत आपलीशी झाली, त्याचं एक कारण त्याच्या इंग्रजीत आहे. ती शिकून घेतलेली इंग्रजी आहे: छोटी वाक्यं, रोजचे शब्द, संथ उच्चार. ज्यांची इंग्रजी अशीच उसनी आहे त्या सगळ्यांना ती पहिल्या ऐकण्यात कळते. पण भाषा कळली म्हणून गाणं घरात येत नाही. ते घरात येतं ‘इट्स नॉट ईझी’सारख्या गाण्यामुळे.

हे गाणं ‘हाउस ऑफ एक्झाइल’ याच नावाच्या अल्बममध्ये आहे, आणि यात देश नाही, सत्ता नाही. एका मुलाने आईला फोन करून कळवलं होतं की मला एक मुलगी भेटली आहे, आम्ही लग्न करतोय. आईला आनंद झाला, पण तिने विचारलं की त्या मुलीला ओळखून घ्यायला वेळ दिलास ना. आज त्याला पुन्हा आईकडे जायचंय, हे सांगायला की लग्न मोडतंय. एवढंच कथानक. नशिबाला तो बोल लावत नाही. निवड माझी होती आणि ती मला दुखवतेय, एवढं तो कबूल करतो. इथे गळ्याची ती वरची टीप येते तेव्हा कुणीही सोबत रडायला तयार होतं, कारण घटस्फोटापेक्षा आईला तोंड दाखवणं त्याला कठीण जातंय, हे आपल्याला कळलेलं असतं. ‘स्लेव्ह’मधल्या दारुड्याने ज्या प्रामाणिकपणाने स्वतःकडे पाहिलं, तोच इथे आहे, फरक इतकाच की इथे अपयश झाकायला इतिहासाचा आडोसासुद्धा नाही. वर्णभेद संपतो, सरकारं बदलतात, टॅक्समन बदलतात. पण मुलाला आईचं जे उत्तर मिळतं, ते ऐकताना नैरोबीतला टॅक्सीवाला, पोर्ट मोर्सबीतली विद्यार्थिनी आणि पुण्यातला मी, तिघंही आपापल्या आईचा आवाज त्यात ऐकत असणार.